मोजपट्टीचा कबुलीजबाब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे माझ्या टेबलावर पडून आहेत आणि ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर कॉम्प्युटरमधला एक जुना हीटसिंक ठेवलेला आहे, एवढे सांगितले की माझे गेले चार महिने कसे गेले असतील हे तुला कळेल. उत्तर दिले नाही म्हणून रागावण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. मात्र आज लिहायला बसलो ते केवळ त्या अपराधीपणामुळे नव्हे. परवा रात्री एक प्रकार घडला आणि तो ज्याला सांगावा असा एकच माणूस आहे हे तिथल्या तिथे लक्षात आले. घरात सांगून पाहिले. "मग दुसरा पत्रा आणा," असे उत्तर मिळाले. उत्तर अगदी बरोबर आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही.

प्रकृतीचे म्हणशील तर गुडघा आहे तसाच आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठीक.

तर मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा मागचा पत्रा उलटा कापला. उलटा म्हणजे तू कापला होतास तसाच, तंतोतंत. आता पत्र खाली ठेवून पोटभर हसून घे आणि मग पुढचे वाच.

नव्या कॅबिनेटबद्दल तुला मागे ओझरते कळवले होते. विकतचे काहीही वापरायचे नाही, निदान जे डोळ्यांना दिसते त्यातले काही नाही, असे ठरवून सुरुवात केली. समोरची बाजू सागाच्या पट्ट्यांची आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगते आणि लांबीत जवळजवळ हलत नाही, म्हणून पट्ट्यांच्या मागची स्क्रूची भोके मुद्दाम लांबट ठेवली. पट्ट्यांमागे १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतात आणि पाठीला १२० चा एकच पंखा ती बाहेर टाकतो. बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटीफटींतून न शिरता गाळणीतूनच येते, हे मी तुला तेव्हाही घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होतो आणि तू सगळेच पंखे बाहेर फुंकणारे बसवून त्या बिचाऱ्या कॅबिनेटचा व्हॅक्युम क्लीनर करून ठेवला होतास. असो. तो वाद आज उकरायचा नाही, कारण आज माझी बाजू लंगडी आहे.

पाठीसाठी दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. त्याच्या चारही कडा वाइसमध्ये दोन लोखंडी पट्ट्यांत धरून लाकडी हातोडीने आतल्या बाजूला वाकवल्या, पंधरा पंधरा मिलिमीटर. गुण्या लावून पाहिला तर चारही कोपरे काटकोनात. मग दर्शनी बाजू घासायला घेतली. हे काम तू कधी केलेले नाहीस, म्हणून सांगतो. पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, बाजूला एक सरळ पट्टी आधाराला धरायची आणि वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एका दमात एकच ओढ घ्यायची. मध्ये थांबायचे नाही, परत वर जाताना टेकवायचे नाही. हात जरा अडखळला की त्या जागी रेघांना बारीक वळण पडते आणि दिव्याच्या उजेडात ते वळण केसासारखे चमकते. मग त्या पूर्ण पट्ट्यावर पुन्हा सुरुवातीपासून हात फिरवायचा. आधी २४० नंबर, मग ४००. चार संध्याकाळी त्यात गेल्या, पण पाचव्या संध्याकाळी पत्रा खिडकीशी नेऊन तिरपा धरला तेव्हा प्रकाश त्यावरून पाण्यासारखा एका दिशेने वाहत गेला. मी त्या पत्र्याकडे बराच वेळ नुसता पाहत उभा होतो.

चूक नेमकी इथेच झाली. कापण्यासाठी मी एकास एक मापाचा, बाहेरून दिसेल तसा कागदी नमुना छापून घेतला होता. छपाईत माप आकसलेले नाही ना, हे पाहण्यासाठी त्यावर शंभर मिलिमीटरची रेघ काढून ठेवली होती आणि ती व्हर्नियरने तपासली. केबल लावायच्या पोर्टांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५, कार्डांच्या फटींमधले अंतर २०.३२, पंख्याच्या भोकांमधले अंतर १०५. प्रत्येक आकडा दोनदा पडताळला. तुम्ही मला मोजपट्टी म्हणत होता ते उगीच नाही. मग तो कागद चिकटवायची वेळ आली, तेव्हा घासलेल्या बाजूवर गोंद लावायला जीव होईना. जिगसॉचा तळही त्या बाजूवर घासला जाणार होता. म्हणून पत्रा उपडा केला, कागद आतल्या बाजूला चिकटवला, सेंटर पंचाने खुणा केल्या, पात्याला मेणबत्तीचे मेण लावले आणि कापायला बसलो. मापे सगळी बरोबर, बाजू तेवढी चुकीची.

कळले तेही लगेच नाही. पॉवर सप्लाय लावून पाहिला तर चारही भोके एका वेळी जुळेनात. ती भोके मुद्दाम विषम ठेवलेली असतात हे तुला ठाऊक आहे, पण माझ्या डोक्यात आले की माझे ड्रिल सरकले असावे, आणि या मोजपट्टीने कानस घेऊन एक भोक मोठे करायलाही सुरुवात केली. भोक वाढत गेले, स्क्रू काही जाईना. शेवटी क्लॅम्पने तात्पुरत्या धरलेल्या ट्रेवर मदरबोर्ड ठेवला. ट्रे डावीकडे आणि पोर्टांची खिडकी उजवीकडे. माझ्या हातातली कानस खाली पडली. त्या क्षणी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला, आताचा नव्हे, २००१ सालचा, नाकाला काळा रंग लागलेला.

ते दिवस तुला आठवतात की नाही ठाऊक नाही. मला मात्र ते आठवायला नको वाटतात. तू आठवडाभर फवारे मारून तो पत्रा काळा केला होतास, त्यावर चरा पडू नये म्हणून आतल्या बाजूने आखणी केलीस आणि सगळे आरशातल्यासारखे कापलेस. त्यावर मी लांब्यासमोर तुला म्हणालो, की तुला आरशात स्वतःचे तोंड तरी सरळ दिसते का. त्यापुढेही बरेच बोललो, ते आता लिहीत नाही. वीस-बावीस दिवस आपण बोललो नाही आणि लांब्या पोस्टमनसारखा तुझ्या खोलीतून माझ्या खोलीत निरोप पोहोचवत राहिला. तुझे लक्ष नसते, तुला घाई असते, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो. गेली कित्येक वर्षे माझे तेच मत होते, हेही कबूल करतो. परवा रात्री त्या उलट्या खिडकीकडे पाहताना ध्यानात आले की तू ती चूक निष्काळजीपणाने केलीच नव्हतीस. ज्याला त्या पत्र्याच्या दर्शनी बाजूची पर्वा नाही तो आखणी सरळ त्याच बाजूवर करतो आणि चुकत नाही.

माफी मागतो आहे, नीट वाच. पुन्हा लिहिणार नाही.

तुझे नशीब मात्र माझ्यापेक्षा बरे होते, किंवा डोके. तुझा पत्रा सपाट होता. मी तोंड सोडून बोलत असताना तू काही न बोलता तो पालथा केलास आणि झाले. काळा रंग आत गेला, पेन्सिलच्या रेघा बाहेर आल्या, पण बोर्ड बसला. माझ्या पत्र्याला कडा वाकवलेल्या आहेत. पालथा करावा तर कडा बाहेर येतात आणि चार संध्याकाळींची झळाळी कॅबिनेटच्या पोटात जाते. कडा उलट्या दिशेने वाकवाव्यात म्हणून उरलेल्या तुकड्यावर प्रयोग केला. सरळ करतानाच घडीवर बारीक तडे उमटले आणि पलीकडे वाकवायला गेलो तेव्हा तुकडा हातात दोन झाला.

मग रात्री दोन वाजता अंथरुणात एक विलक्षण कल्पना सुचली, की मदरबोर्डच डोके खाली करून बसवावा. तशी उलट्या मांडणीची कॅबिनेट असतातच की. उठलो, पुठ्ठ्याचा बोर्ड कापला आणि फिरवून पाहिला. बोर्ड डोक्यावर उभा केला की पोर्ट उजवीकडे येतात खरे, पण खाली जातात, आणि माझी खिडकी उजवीकडे वर आहे. डाव्या पायातला बूट कितीही गरगर फिरवला तरी तो उजव्या पायात जात नाही, हे समजायला मला पहाटेचे साडेतीन वाजले.

एका गोष्टीने तू खूश होशील. माझा पत्रा इंटेलच्या त्या बीटीएक्स मांडणीला शोभेल असा झाला आहे. आठवते ना? २००४ च्या सुमारास त्यांनी एटीएक्सच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोर्डांच्या मांडणीच्या, जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडणी बाजारात आणली, बोर्ड कॅबिनेटच्या दुसऱ्या भिंतीला, आणि तू मला त्या बातमीचे कात्रण पाठवून वर लाल शाईने लिहिले होतेस, "इंटेलला माझे म्हणणे पटले." तुझा तो विजय दोनच वर्षे टिकला, २००६ मध्ये त्यांनी ते प्रकरण गुंडाळले. मी तेव्हा तुला सांत्वनाचे कार्ड पाठवायला हवे होते, असे आता वाटते.

तर आता पुढे काय. नवा पत्रा आणून पहिल्यापासून सगळे करावे, तर घासण्याच्या त्या चार संध्याकाळी पुन्हा काढायची उमेद सध्या नाही, आणि खरे सांगायचे तर पुन्हा तीच चूक होईल अशी भीती वाटते. ही भीती नवीन आहे. गेल्या दोन दिवसांत मी घरातल्या प्रत्येक सपाट वस्तूवर मार्करने "बाहेर" असे लिहितो की काय, अशी शंका घरच्यांना येऊ लागली आहे. दुसरा मार्ग मला बरा वाटतो. उलट्या पत्र्याचा मधला भाग कापून काढायचा आणि कडांसह वीस मिलिमीटरची चौकट तेवढी ठेवायची. घासलेली झळाळी निदान चौकटीपुरती वाचते. मग त्या चौकटीला मागून एक सपाट पत्रा रिव्हेटने जोडायचा. सपाट असल्यामुळे तो चुकला तरी पालथा करता येईल, जसा तू केलास.

हे मनात आले आणि तुझ्या माळ्यावरची ट्रंक आठवली. गेल्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तिच्यामागे तुझा तो जुना पत्रा भिंतीला टेकवलेला दिसला होता, काळी बाजू भिंतीकडे. एटीएक्सची मापे १९९५ पासून बदललेली नाहीत. पोर्टांची खिडकी तीच, कार्डांच्या फटींमधले अंतर तेच, बोर्डही तोच ३०५ बाय २४४ चा. त्या काळचा पत्रा आजच्या बोर्डाला बसायला हवा. बोर्डाखालचे पितळी आधार आपण तेव्हाही ६.३५ मिलिमीटरचेच वापरले होते, आणि माझा ट्रे अजून पक्का केलेला नाही, म्हणून थोडे इकडेतिकडे असेल तर तुझ्या पत्र्याप्रमाणे ट्रे सरकवता येईल. मागे तेव्हा ८० चा पंखा होता, ते भोक मोठे करावे लागेल. तिसऱ्या फटीची कड लांब्याने कापलेली आहे आणि ती वाकडी आहे. तिला कानस लावणार नाही. तुझ्या पेन्सिलच्या रेघाही पुसणार नाही.

द्यायचा नसेल तर स्पष्ट लिही. ज्या पत्र्याला मी एकदा भंगार म्हटले होते तोच मागतो आहे, तेव्हा दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवलेली आहे.

तुझ्या बदलीचे वाचले. सामान हलवताना तो पत्रा कुणी मोडीत देणार नाही एवढे पाहा. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले हे वाचून बरे वाटले, त्यांना नमस्कार सांग. धाकटीच्या निकालाबद्दल तिचे अभिनंदन. तिला सविस्तर पत्र वेगळे लिहीन, आणि "लिहीन" म्हणजे या महिन्यात. लांब्याचा फोन येऊन गेला, त्याला यातले काही सांगितलेले नाही आणि तूही सांगू नकोस, कारण तो सगळ्यांना सांगेल.

पत्रा पाठवायचा ठरले तर आधी मला खिडकीपासून चारही कडांची अंतरे कळव, म्हणजे चौकट त्या मापाने कापून ठेवता येईल. मापे बाहेरच्या बाजूने घे. आणि मोजण्याआधी बाहेरची बाजू कोणती ते पत्र्यावरच लिहून ठेव.

तुझा,
मोजपट्टी