गरम गाडी मोजणाऱ्या मिस्तरींना

मिस्तरी दादा, नमस्कार.

मे महिन्यात भर दुपारी मुकटीजवळ मोटारसायकल ढकलत तुमच्या शेडपाशी आला होता, तोच मी. पारोळ्याहून धुळ्याला निघालो होतो. इंजिन गार करायला पाण्याची बाटली उघडली, तर तुम्ही आतूनच ओरडलात, "थांब भो! गाडी गरम शे ना, आतेच मोजू."

त्याआधी महिनाभर हाच छळ चालला होता. पंधरा-वीस किलोमीटर झाले की गाडी बंद, अर्धा तास सावलीत उभी केली की पहिल्या किकला चालू. दोन गॅरेजं झाली. प्लग, सीडीआय (ठिणगीसाठी वीज साठवून सोडणारी डबी), एचटी कॉइल (ती वीज प्लगसाठी वाढवणारी), सगळं नवं. प्रत्येकाने गाडी बघितली ती गार झाल्यावर, आणि गार गाडीत खोट नव्हतीच.

मोजताना तुम्ही इंजिनाचा एक नट सैल केला नाहीत. पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगी कधी सोडायची हा इशारा सीडीआयला देणारी कॉइल, तिच्या दोन वायरींचं सॉकेट सोडवलंत आणि ते फिक्या आकड्यांचं पिवळं मीटर लावलंत. पडद्यावर डावीकडे नुसता 1. आत तार तुटलेली! मग चहा सांगितलात. तासाभराने त्याच वायरींवर मीटरने 210 ओहम दाखवले. केसासारखी बारीक तांब्याची तार. तापली की तुटकी टोकं सुटायची, निवली की पुन्हा टेकायची.

सीडीआयच्या कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट साठतात आणि पिकअपचा इशारा आला की एचटी कॉइलमध्ये सुटतात, तेव्हा कुठे प्लगला ठिणगी पडते. हे सांगताना तुम्ही म्हणालात, पंगत बसली, स्वयंपाक तयार, पण 'वाढा' म्हणणाराच मुका. घरी सांगितलं तर वडील हसले. त्यांच्या जुन्या गाडीला सीडीआयऐवजी सीबी पॉइंट होते, ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे टेकू; पॉलिश पेपर फिरवला की काम भागायचं. (दर दोन महिन्यांनी फिरवावा लागायचा, हे मात्र ते सांगत नाहीत.) लाखेसारखी ओतून बंद केलेली सीडीआयची डबी दिसली की आपण तिच्यावरच आळ घेतो. मीही घेतला, आणि तो महागात पडला.

तुम्ही नवी पिकअप कॉइल आणि मजुरी धरून साडेचारशे घेतलेत. परवा जळगावपर्यंत जाऊन आलो, ऊन तेच, गाडी कुठेच थांबली नाही.

मीटरचे आकडे फिके दिसतात ते त्याचा सेल उतरल्यामुळे. नऊ व्होल्टचा नवा घेऊन ठेवलाय, रविवारी धुळ्याला जाताना देतो. चहा या वेळी माझ्याकडून.