हॅवलॉकच्या त्या मालवणी पोराला

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण अंदमानच्या हॅवलॉक बेटावरून परत येऊन तीन आठवडे झाले तरी आठवलं की डोळे भरून येतात, म्हणून लिहितेच.

माझा चष्मा उणे सहाचा. तुझ्याबरोबर समुद्राखाली उतरले त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे हे मी दोनदा सांगितलं होतं. "पाण्यात सगळं मोठं दिसतं, मॅडम," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून खाली फिरवलं, फोटो काढले आणि वर आणलं. मला दिसलं काय, तर निळं धुकं. वर "या वयात हट्ट कशाला करतात लोक" हेही कानावर आलं. रात्रभर ते टोचत होतं.

तू आधी माझा चष्मा हातात घेऊन काचा पाहिल्यास. मग कुठूनसा नंबरचा मास्क शोधून आणलास, पण तो साडेचारचा. "उरलेला जवळ जाऊन बघू, मावशी. काय होवचा नाय."

आणि खरंच जवळ गेलो. वाळूवर पालथे पडून राहिलो. कानात फोडणीसारखी तडतड. ती नांगी फटकन मिटून आवाज करणाऱ्या पिस्तूल कोळंब्यांची, हे तू होडीतच सांगितलं होतंस. बिळाच्या तोंडाशी बोटाएवढा गोबी मासा, आपल्या खाडीतल्या निवटीच्या गोतातला. आतून कोळंबी आली, नांग्यांनी वाळू बाहेर लोटत. तिला जेमतेम दिसतं. बीळ ती खणते, पहारा मासा देतो, आणि बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली. माझ्या तोंडून बुडबुड्यांचा लोट सुटला. माशाने शेपटी थरथरवली, कोळंबी तिथल्या तिथे आत!

तेव्हा लक्षात आलं, माझी दोन बोटं तुझ्या मनगटावर होती. तूच ठेवली होतीस. ओढलं नाहीस, धरलंही नाहीस, नुसतं मनगट पुढे केलंस. पुढे कासव दिसेल असं तूच म्हणाला होतास, तरी कोळंबी पुन्हा बाहेर येईपर्यंत हलला नाहीस.

हसतमुख, तरबेज माणसं पुष्कळ भेटतात रे. समोरच्याला काय दिसत नाही, हे आधी बघणारा विरळाच. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग.

आल्या आल्या उणे सहाचा मास्क करून घेतला. कुरियरने पाठवते आहे. तिथेच ठेव, दुसऱ्या कुणा मावशीला लागेल.