दुखू नये याचं पॅकेज कुठे मिळतं, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. त्या कार्यक्रमात छातीला सोनेरी फीत लावून आपण म्हणालात, एकाही लेकराला वेदना सोसाव्या लागणार नाहीत, प्रत्येक वॉर्डात समुपदेशक देऊ. टाळ्या मीही वाजवल्या. आम्हाला वॉर्डातून उठवून आणलं होतं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीचा आपण गालगुच्चाही घेतलात. तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तेव्हा पडलेले होते, बाहेरच्या हाताने संसर्गाची भीती, पण आपल्याला अडवणार कोण?

परवा तिला पाठीतलं इंजेक्शन होतं. तिला एएलएल आहे, रक्ताचा कॅन्सर, दोन-अडीच वर्षांचे उपचार. शिरेतून दिलेली केमो मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून पिवळं औषध मणक्यातून सोडतात. तासभर आधी सुन्न करणारं मलम लावलं, थोडी गुंगी दिली, तर पोर निभावून नेतं. "मलम संपलंय," सिस्टर म्हणाल्या. "पटकन होईल, तुम्ही धरा." पाय मी धरले. ती 'दुखतंय' म्हणत नव्हती, 'बाबा, सोड ना' म्हणत होती. आता पिवळं काही दिसलं की तिला मळमळतं. घरात वरण शिजवायची सोय राहिली नाही. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, पुढची केमो तिथेच घ्यायची आहे.

बायको रात्रभर उठून पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघते. जेवत नाही, बोलत नाही. मी रबाळे एमआयडीसीत कंत्राटी. खाडे पडले तसा पगार कापला, आता सुपरवायझर 'बघू' म्हणतो. ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभा असताना मनात काय काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉर्डात इतकी माणसं येतात, 'तुम्हाला झोप लागते का' हे एकाने विचारलेलं नाही. आधार कार्ड मात्र सगळे मागतात.

महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं कवच आहे, त्याबद्दल आभार, खोटं कशाला बोलू. केमोचं पॅकेज आहे, ऑपरेशनचं आहे. दुखू नये याचं पॅकेज मला तरी कोणी दाखवलेलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मॉर्फिन लिहून दिलं होतं, अफूपासून बनणारं, जबर दुखण्यावरचं औषध. अफू पिकते मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्यावर, आणि परदेशी जाते. १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदाही अशा औषधांसाठी २०१४ साली सैल केला. तरी त्या मुलाच्या बापाने चिठ्ठी घेऊन ठाण्यातली मेडिकल दुकानं पालथी घातली आणि रात्र पॅरासिटामॉलवर काढली. कायदा सैल झाल्याचं त्या दुकानांना कळवायचं राहिलं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवलं, २०३० पर्यंत कॅन्सर झालेली निदान ६० टक्के मुलं वाचवायची. श्रीमंत देशांत दहातली आठ वाचतात. आपल्याकडे किती? वॉर्डात कोणी चार सांगतं, कोणी पाच. आणि जी वाचतील ती सुईचं नाव काढताच थरथरत वाचतील, त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात?

समुपदेशकाचं विचारलं तर उत्तर तयार असतं, पद मंजूर आहे, भरती नाही. भरती झालीच तर अकरा महिन्यांच्या करारावर. म्हणजे मी कंत्राटी, सिस्टर कंत्राटी, धीर देणारी बाईही कंत्राटी. कायमस्वरूपी नेमणूक एकट्या दुखण्याची. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आनंद आहे. समुद्रावर साडेसोळा किलोमीटरचा पूल बांधणाऱ्या राज्यात मलमाची ट्यूब वॉर्डाच्या कपाटापर्यंत पोचत नाही आणि विचारायला जावं तर 'वरून आलं नाही'. हे वर म्हणजे नक्की कुठे, साहेब? तिथेच अर्ज देतो.

मलम आणि गुंगीचं औषध वॉर्डात कायम ठेवा. मुलांशी आणि आईबापांशी बोलणारा माणूस नेमा, फितीपुरता नको. पुढचं इंजेक्शन गुरुवारी आहे. तोवर जमत नसेल तर मलम मीच विकत आणतो. बिल कोणाच्या नावे पाठवायचं, तेवढं कळवा.

आपला,
एका पेशंटचा बाप, घणसोली