ढवळ्या अजून बोकाच आहे

आर्वी तालुका, जि. वर्धा
२० डिसेंबर

प्रिय दिल्या,

तुझं ऐकून ढवळ्याला दसऱ्याच्या आठवड्यात नागपूरला नेलं, खच्ची करायचं ऑपरेशन करून आणलं, आणि गावात माझं हसं झालं. काल शेजारचे काका पारावर सगळ्यांसमोर विचारतात, "ऑपरेशन कोनाचं केलं बे, त्याचं का तुयं?"

बोका अजून रात्री वाकळीचा कोपरा दातांत धरून मागच्या पायांनी तुडवत बसतो. काकांची भाटी भिंतीवरून आली की तिची मान धरून वर चढतो, आणि मग कापसाच्या ढिगात शांत झोपतो. भाव वाढेल म्हणून दोन खोल्या कापूस भरून ठेवलाय, आणि हा शेपूट थरथरवत त्याच्यावर फवारा सोडतो! आईने फरशीवर फिनाईल ओतलं, तर डॉक्टर माझ्यावरच ओरडले. मांजर पाय चाटतं, आणि ते फिनाईल त्याच्या लिव्हरला पचत नाही.

हे डॉक्टर म्हणजे आपल्या ढोराच्या दवाखान्यातले. मला वाटलं, नागपूरवाल्याने एक बाजू आत ठेवली असेल. यांनी त्याला उताणा पाडून तपासलं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात म्हणे (जिभेवर असतात तसे), आणि खच्ची केल्यावर सहाएक आठवड्यांत ते झडतात. याचे झडलेत. म्हणजे आत काही राहिलेलं नाही. रक्तातला जोर उतरला, पण तीन वर्षांची सवय डोक्यात राहिली.

तुला बाबांचा सर्ज्या बैल आठवतो? चारदाती झाल्यावर चिमटा मारून खच्ची केला होता. औताला जुंपला तरी गाईचा वास आला की जू ओढत धुऱ्याकडे निघायचा. ढवळ्याचंही तेच. सहा महिन्यांचा असताना नेला असता, तर एवढं शिकलाच नसता. दहातले नऊ बोके फवारणं सोडतात, एखादा सोडत नाही. आता हा नऊतला की दहावा, ते उन्हाळ्यापर्यंत कळेल. कण्हत वारंवार बसला आणि लघवीच झाली नाही, तर मात्र त्याच रात्री गाडी काढून आणा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आता खरी तक्रार. ऑपरेशननंतर महिनाभर बोक्याला भाटीपासून दूर ठेवायचं असतं, कारण नळ्यांत आधीचं वीर्य शिल्लक असतं. हे नागपूरवाल्याने सांगितलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. काकांची भाटी सोमवारी व्याली. मी बोटांवर मोजलं, तर नऊ आठवडे मागे जाऊन हिशेब नेमका ऑपरेशननंतरच्या दहाव्या दिवसावर येतो. तीन पिल्लं. दोन पांढरीशुभ्र. गावात दुसरा पांढरा बोका नाही, हे काकांनी टोपली माझ्या ओसरीवर ठेवताना दोनदा ऐकवलं.

एक तुझ्या नावाने राखून ठेवलंय. होळीला येशील तेव्हा झाकणाची टोपली घेऊन ये. नाही म्हणू नकोस, लेका. आईला मी आधीच सांगून टाकलंय.

तुझाच,
बाळ्या