क्षमा आणि न्याय

महोदय,
ख्रिस्ती श्रद्धेतील क्षमेचा विषय निघाला की 'मग अपराध्याला मोकळे सोडायचे का?' असा प्रश्न हमखास येतो. १९९९ साली ओडिशात पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व दोन लहान मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली. खटला मात्र रीतसर चालला, शिक्षाही झाली, आणि ग्लॅडिस पुढची काही वर्षे ओडिशातील बारीपदा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या.

नागपुरातील 'सदर' या आमच्या भागातल्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे मागितलेली क्षमा आपण इतरांना केलेल्या क्षमेशी जोडलेली आहे. ती ओळ आली की शेतीच्या वाटणीवरून भावाशी अबोला धरलेले एक गृहस्थ ओठ मिटून उभे राहत. (खोटे म्हणण्यापेक्षा ते बरेच!) गेल्या नाताळात तेच करंज्यांचा डबा घेऊन भावाकडे गेले. दावा अजून सुरू आहे, पण बोलणेही सुरू झाले आहे आणि त्यांना रात्री झोप लागते.

क्षमेने मन असे हलके होऊ शकते; पण प्रार्थनेने आजार हमखास बरे होतात, असे फलक लावणाऱ्यांना माझा विरोध आहे. याच शहरात मिशनऱ्यांनी सीताबर्डीत मुरे मेमोरियल रुग्णालय उभारले, ते औषधोपचारांसाठीच.

– एक वाचक, सदर, नागपूर