झटका बसला म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे

संपादक महोदय,

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली की कित्येक गॅरेजांत पहिलेच उत्तर मिळते, 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल'. तपासणीआधी असे सांगणे ग्राहकावर अन्याय आहे.

गिअरबॉक्स कोणत्या जातीचा, हे आधी बघावे. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती किंचित अडखळते, तो बिघाड नव्हे. अडखळणे वाढले, चढावर गाडी थरथरू लागली, तर क्लच प्लेट तपासावी. नवी प्लेट बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने क्लचचे लर्निंग केले नाही, म्हणजे नवी प्लेट कुठे पकडते ते कंट्रोलरला शिकवले नाही, तर झटके तसेच राहतात आणि नव्या प्लेटला उगाच दोष दिला जातो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीत सुरुवात गिअरबॉक्सच्या ऑइलपासून. पातळी कशी बघायची ते मॅन्युअलमध्ये असते. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी, ऑइल तापलेले आणि इंजिन चालू असावे लागते. डिपस्टिक नसेल तर ठरलेल्या तापमानाला लेव्हल प्लगमधून (पातळीच्या उंचीवरचे बूच) बघतात. ऑइल कमी असले की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर उशिरा, धाडकन पडतो. ऑइल काळे पडून जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेट्स बहुधा झिजल्या आहेत. ड्रेन प्लग काढून सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणूनच एकदा बदलून फरक पडला नाही, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. सीव्हीटीत (पट्टा आणि पुल्यांवर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) मात्र हे ऑइल चुकूनही घालू नये, तिचे वेगळे असते.

झटका नेमका कधी बसतो, हे कोणी विचारतच नाही. पी वरून डी किंवा आर मध्ये टाकतानाच धक्का बसत असेल आणि पुढे गाडी नीट चालत असेल, तर आधी इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग (रबरी आधार) आणि वाढलेले आयडलिंग (गाडी उभी असतानाची इंजिनाची गती) बघावे. दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्यातच झटका असेल, तर संशय त्या गिअरच्या सोलेनॉइडवर (ऑइलचा मार्ग उघडणारा-बंद करणारा विजेवरचा वाल्व्ह) किंवा वाल्व्ह बॉडीवर (ऑइल त्या त्या गिअरकडे वळवणारा भाग). स्कॅनरवरचा पी०७०० हा दोष-कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोष नोंदला गेला आहे. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो. पी०७३० आला तर गिअरचे गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे बहुधा आत काहीतरी घसरते आहे.

कोड पुसण्याआधी त्यांची छापील प्रत ग्राहकाच्या हाती द्यावी आणि ऑइलची स्थिती जॉब कार्डवर लिहावी, एवढी सवय सर्व सर्व्हिस सेंटरनी लावून घ्यावी. ग्राहकांनीही ही दोन्ही कागदपत्रे मिळाल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला संमती देऊ नये.

– वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, पुणे