ई-सायकलीच्या मोटरचा नंबर दिसेल अशा जागी कोरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ई-सायकलींवर आलेला लेख मी दोनदा वाचला. बॅटरी किती तासांत चार्ज होते, एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाते, ब्रेक डिस्कचे की साधे, सगळं त्यात होतं. मोटरबद्दल मात्र एकच ओळ: '२५० वॅटची ब्रशलेस मोटर'. माझ्या सायकलीच्या माहितीपुस्तिकेतही हेच चार शब्द होते आणि त्यांच्या भरवशावर राहिल्यामुळे माझी सायकल सात आठवडे भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचावं.

मी ३१ वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. खिडकीशी येऊन कोणी 'एक बेअरिंग द्या' म्हणालं तर त्याला मी आधी जुन्याचा नंबर वाचून यायला सांगत असे. ६२०३ म्हटलं की आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, एवढं ठरलं. पण तेवढ्याने भागत नाही. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू-आरएस असेल तर रबरी सील. पाणी उडतं त्या मशीनला झेडझेड बसवलं की थोड्याच दिवसांत ते करकरायला लागतं. ड्रॉइंगचंही तसंच. नंबर तोच, पण शेवटी रिव्हिजनचं, म्हणजे सुधारित आवृत्तीचं, अक्षर 'ए' की 'बी' यावर माल घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरे. त्या एका अक्षरापायी अख्खी लाइन थांबलेली मी पाहिली आहे. आणि तरीही स्वतःच्या सायकलीची मोटर कोणत्या व्हर्जनची आहे हे मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, याची मला मनापासून खंत वाटते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं होतं, पण चढावर जोर लावू नका असंही बजावलं होतं. म्हणून ई-सायकल घेतली. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात. चौथ्या वर्षी एका चढावर घर्रर्र असा आवाज आला आणि ओढ गेली. मोटर आत फिरत होती, तिचा आवाज ऐकू येत होता, पण चाकाला ती काही देत नव्हती. ज्यांनी आयुष्यभर मशीनं ऐकली आहेत त्यांना हा आवाज लगेच कळतो: दात गेले.

ज्यांना आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अशा हब मोटरमध्ये आतला भाग चाकापेक्षा बराच जोरात फिरतो. बहुतेकांत चार-पाच पट, काही लहान मोटरींत अकरा पटही. तो वेग उतरवायला आत नायलॉनचे तीन गिअर असतात. धातूऐवजी नायलॉन, कारण आवाज कमी होतो. झिजले की ते बदलायचे असतात. मोटर टाकून द्यायची नसते. काम तासा-दोन तासांचं आहे. अट एकच, गिअर त्याच व्हर्जनचे हवेत.

मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने सायकलीचं नाव विचारलं, खरेदीचं वर्ष विचारलं, रंगसुद्धा विचारला. मोटरवरचा नंबर विचारला नाही, आणि मीही सांगितला नाही. तीन आठवड्यांनी गिअर आले. माझ्या जुन्या गिअरचे दात सरळ, म्हणजे आम्ही ज्याला स्पर म्हणतो ते. आलेले हेलिकल, तिरक्या दातांचे. दोघांचा मेळ बसणं शक्यच नाही. परत पाठवले. दुसऱ्या खेपेला सरळ दातांचे आले, दात मोजले तर तेवढेच, व्यासही तोच. कॅलिपर लावला तेव्हा जाडी २ मिलिमीटर कमी निघाली. तिसऱ्या फोनवर मला सांगण्यात आलं की त्या सायकलीत मधल्या काळात मोटर बदलली गेली, तुमची कोणती ते सांगता येत नाही, तुम्ही मोटरसकट पूर्ण चाकच बदला. हाताच्या मुठीत मावतील अशा तीन नायलॉनच्या चकत्यांसाठी पूर्ण चाक! सायकलीचं नाव तेच, रंग तोच, आणि आतली मोटर गुपचूप दुसरी. स्टोअरमध्ये असं कोणी केलं असतं तर मी त्याच्याकडे रिव्हिजन नोट मागितली असती.

त्या संध्याकाळी मी चाक काढलं. बॅटरी आधी पूर्ण बाहेर, मग केबलचा प्लग सोडवला. ॲक्सलवरचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडले, कारण त्यातला जिभेचा वॉशर फ्रेमच्या खाचेत नीट बसला नाही तर ॲक्सल स्वतःच फिरतो आणि त्यातून गेलेली केबल पिळून तुटते. नंबर कुठेच दिसेना. शेवटी ब्रेक डिस्कचे सहा टॉर्क्स स्क्रू काढले आणि डिस्क उचलली. तिच्या मागे, चार वर्षांच्या काळ्या चिखलाखाली, काहीतरी हाताला लागलं. रॉकेलचा बोळा फिरवला, पुसून कोरडं केलं, तरी अक्षरं वाचता येईनात. कोरीव काम इतकं उथळ की नखाला जेमतेम जाणवावं. मग स्टोअरमधली जुनी सवय कामी आली. पांढऱ्या खडूची पूड बोटाने त्यावर चोळली आणि वरची पूड कोरड्या फडक्याने हलकेच पुसली. खाचांमध्ये पांढरं राहिलं आणि सगळी ओळ उजळून आली. शेवटचं अक्षर इंग्रजी 'बी' की आकडा ८, एवढाच प्रश्न उरला. त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा डावीकडची कड सरळ उमटली. 'बी' होतं.

ही ओळ म्हणजे मोटरची जन्मपत्रिका आहे. उदाहरणादाखल बाफांग या मोठ्या मोटर-उत्पादकाच्या हब मोटरींवर 'आरएम जी०२०.२५०.डीसी' अशा धर्तीचं लिहिलेलं असतं. आरएम म्हणजे मागच्या चाकाची मोटर, एफएम म्हणजे पुढच्या. मधला 'जी' आणि आकडा ही तिची जात. २५० हे वॅट. शेवटी 'डी' म्हणजे डिस्क ब्रेकची, 'सी' म्हणजे कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा सरकवून बसवायचा गट, बसणारी. नुसतं 'डी' असेल तर तिथे आट्यांचं फ्रीव्हील लागतं आणि कॅसेट हातात घेऊन बसलेला माणूस हात हलवत परत जातो. बघा, एका ओळीत किती प्रश्न मिटतात, आणि '२५० वॅट' या शब्दांत यातला एकच आकडा येतो. तोही फार काही सांगत नाही. युरोपीय नियमांत पेडल मारल्यावर साथ देणाऱ्या सायकलीला सततच्या २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. त्यामुळे अगदी वेगवेगळ्या ताकदीच्या मोटरींवरही तोच २५० चा शिक्का दिसतो. चढावर क्षणभर त्या याहून बरंच जास्त देतात, कोण किती ते शिक्क्यावरून कळत नाही.

बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन मोटरींच्या आतलं वाइंडिंगही, म्हणजे तारेची गुंडाळणी, वेगळं असू शकतं. हिशेब साधा आहे. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी २५ किलोमीटरला ते मिनिटाला १९० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. २० इंची चाकाचा घेर दीड मीटर, म्हणजे त्याच वेगाला जवळजवळ २८० फेरे. मोठ्या चाकासाठी गुंडाळलेली मोटर लहान चाकात बसवली तर सायकल वेगच घेत नाही, आणि उलट केलं तर चढावर मोटर तापते. कवच, प्लग, ॲक्सल सगळं जुळलेलं असतं, त्यामुळे चूक कुठे झाली हे कोणाला उमगत नाही.

माझ्या शेजाऱ्याच्या सायकलीचं प्रकरण याहून जिवाला लागणारं. त्याची मोटर जळली, 'सेम टू सेम' म्हणून दुसरी आली. नऊ पिनांचा प्लग टचकन बसला. सायकल निघाली आणि माणूस चालतो त्या वेगाला मोटर बंद पडायची. दोन जणांनी कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारी पेटी, खराब असल्याचं सांगितलं. मी मागे चालत डिस्प्ले पाहिला तर त्यावर वेग ३० दिसत होता, आणि सायकल जेमतेम ५ च्या वेगाने चालली होती. सहापट! जुनी मोटर चाकाच्या एका फेऱ्याला वेगाचा एक संकेत द्यायची, नवी सहा देत होती. कंट्रोलरला वाटे की २५ ची मर्यादा ओलांडली, आणि तो इमानाने मोटरची वीज तोडे. सेटिंगमध्ये एक आकडा बदलल्यावर सायकल सुरळीत झाली. तोवर बिचाऱ्याने चांगला कंट्रोलर काढून ठेवला होता.

पेडलपाशी मोटर असलेल्या सायकलींत नंबर शोधणं त्यामानाने सोपं, पण तिथेही नुसत्या नावावर विसंबू नये. शिमानोच्या मोटरवर डीयू-ई८०००, डीयू-ईपी८०० असं स्पष्ट असतं; पहिलीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७० न्यूटन-मीटर, दुसरीचा ८५. बॉशची 'परफॉर्मन्स लाइन सीएक्स' हे एकच नाव मात्र अनेक पिढ्यांना आहे. जुन्या पिढीची खूण म्हणजे पुढचं दातेरी चाक अगदी लहान असतं आणि पेडलच्या एका फेऱ्यात ते अडीच फेरे घेतं. चौथ्या पिढीत ते नेहमीच्या आकाराचं झालं. २०२० मध्ये तर याच चौथ्या पिढीच्या मोटरचा टॉर्क केवळ सॉफ्टवेअर बदलून ७५ वरून ८५ न्यूटन-मीटर झाला. म्हणजे तिथे लोखंडाबरोबर सॉफ्टवेअरचं व्हर्जनही विचारायला हवं. त्यानंतर आलेल्या 'स्मार्ट सिस्टीम'ची बॅटरी आणि डिस्प्ले आधीच्या मोटरींना चालत नाहीत. बाफांगच्या पेडलपाशी बसणाऱ्या मोटरींत डिस्प्लेशी बोलायच्या यूएआरटी आणि कॅन अशा दोन भाषा आहेत. एका भाषेचा डिस्प्ले दुसऱ्या भाषेच्या मोटरला कळत नाही, प्लग पाहून मात्र तसा संशयही येत नाही.

मोटरवर काहीच वाचता येत नसेल तर हाताने करायची एक चाचणी आहे. मोटरची साथ बंद ठेवून मोटर असलेलं चाक उचलावं आणि पुढे फिरवावं. मोकळं फिरलं आणि उलटं फिरवताना जड लागलं, तर आत गिअर आहेत. दोन्ही बाजूंना सारखंच अडखळत फिरलं, तर बिनगिअरची मोटर. एवढ्याने व्हर्जन कळत नाही, पण चुकीच्या दुकानाचं दार तरी ठोठावलं जात नाही.

माझं मागणं फार नाही. ई-सायकल बनवणाऱ्यांनी मोटरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, चाक न काढता वाचता येईल अशा जागी खोल कोरावा. तोच नंबर पुस्तिकेत आणि बिलावर छापावा. मधेच मोटर बदलली तर सायकलीच्या नावापुढे एक अक्षर जोडावं. कारखान्यांत हे रोज होतं, त्याला काही जास्तीचं लागत नाही. फोनवर बसणाऱ्यांना रंगाच्या आधी नंबर विचारायला शिकवावं. आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी पुरवणीत सायकलींची माहिती द्याल तेव्हा मोटरचं नाव, व्हर्जन आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हे कंपन्यांना विचारून छापा. आपण विचारलंत तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. मी एकट्याने विचारलं तेव्हा चाक बदला एवढंच ऐकायला मिळालं.

वाचकांना एवढंच सांगतो की सायकल नवी असतानाच, नंबर स्वच्छ दिसतो तेव्हा, त्याचा फोटो काढून ठेवा. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरका पाडा. सुटा भाग मागवताना तोच फोटो पाठवा.

मी खडूने उजळलेल्या नंबराचा फोटो चौथ्या खेपेला कंपनीला पाठवला. नऊ दिवसांत गिअर आले. सरळ दात, जाडी बरोबर. ग्रीस लावून बसवले, वॉशर कागदावरच्या क्रमाने परत चढवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढावर गेलो. आता घर्रर्र नाही, एक बारीक सळसळ तेवढी येते. तो फोटो पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर अवश्य छापा. डिस्कच्या मागे नेमकं कुठे पाहायचं हे लोकांना त्यावरून कळेल.

आपला नम्र,
एक निवृत्त स्टोअरकीपर